पाच नंबरच्या कोर्टवरचा कॅमेरा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या क्रीडा पानावर अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या प्रक्षेपण हक्कांविषयीचा मजकूर वाचला. आकडे डोळे फिरवणारे आहेत, आणि खरेही आहेत. 'बिग टेन' या विद्यापीठांच्या गटाने २०२२ साली फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी या टीव्ही वाहिन्यांशी सात वर्षांचा जो करार केला, तो सात अब्ज डॉलरच्या वरचा होता. पण तेवढंच वाचून कोणाचाही समज होईल की तिथले कॉलेजचे खेळ ऑनलाइन बघणं म्हणजे फुटबॉल, बास्केटबॉल आणि दरमहा वर्गणी. मी त्याच जगाच्या अगदी दुसऱ्या टोकाची प्रेक्षक आहे, म्हणून लिहिते आहे.

मी निवृत्त क्रीडाशिक्षिका. मैदानावर फक्की टाकण्यात आणि खो-खोच्या मुलींवर ओरडण्यात हयात गेली. माझी नात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका लहानशा विद्यापीठात शिकते आणि तिथल्या मुलींच्या टेनिस संघात पाचव्या क्रमांकावर खेळते. पाचव्या क्रमांकाच्या खेळाडूची बातमी होत नाही, फोटो छापून येत नाही. तरी तिचे घरच्या कोर्टवरचे बहुतेक सगळे सामने मी इथे बसून बघते, आणि त्याला एक पैसा पडत नाही.

विद्यापीठाच्या क्रीडा विभागाच्या वेबसाइटवर वेळापत्रक असतं. प्रत्येक सामन्यासमोर दोन लिंक, एक चित्राची आणि एक गुणफलकाची. चित्राची उघडली की सहा चौकोन दिसतात, सहा कोर्टचे. मी पाचवा मोठा करते. कोर्टमागच्या जाळीवर एक कॅमेरा बसवलेला आहे. तो हलत नाही, जवळ जात नाही, रिप्ले दाखवत नाही. समालोचक नाही. ऐकू येतात ते शेजारच्या कोर्टवरचे चेंडूचे टप्पे, माइकवर आपटणारा वारा आणि कोणाची तरी आई. एकदा कोणीतरी त्या जाळीवर जॅकेट अडकवून ठेवलं, आणि बेसलाइनचा डावा कोपरा अख्खा पहिला सेट एका बाहीमागे गेला. चेंडू पलीकडे पडलेला दिसला की आपल्या मुलीने मारला असं धरून चालायचं!

कॉलेज टेनिस हे टीव्हीवरच्या टेनिसपेक्षा निराळं प्रकरण आहे, हे मला या कॅमेऱ्यांमुळेच कळलं. आधी दुहेरीचे तीन सामने, एकेका सेटचे. त्यातले दोन जिंकणाऱ्या संघाला मिळून एकच गुण. मग एकेरीचे सहा सामने, प्रत्येकाला एक गुण. ज्यांचे चार आधी होतील तो संघ जिंकला. ४०-४० झालं की अ‍ॅडव्हान्टेज वगैरे काही नाही, पुढच्या एका गुणावर गेम संपतो, आणि सर्व्हिस कुठल्या बाजूने घ्यायची हे परतवणारी ठरवते. बऱ्याच सामन्यांत चेंडू आत की बाहेर हे खेळाडूच सांगतात. पंच कोर्टाकोर्टांतून फिरत असतो, पटलं नाही तर निर्णय बदलतो. चाळीस वर्षांपूर्वी मी हे माझ्या मुलींवर सोपवलं असतं तर मारामाऱ्या झाल्या असत्या. इथे मुलगी बोट वर करते, पलीकडची क्षणभर तिच्याकडे रोखून बघते, आणि खेळ पुढे जातो. हे रोखून बघणं त्या न हलणाऱ्या कॅमेऱ्यात फार छान दिसतं. टीव्हीचा कॅमेरा तोपर्यंत प्रेक्षकांतल्या कोणा बड्या माणसाकडे वळलेला असता.

आणि चौथा गुण एखाद्या कोर्टवर पडला की बाकीचे सामने बरेचदा आहेत तिथेच थांबवतात. मागच्या मोसमात नात तिसऱ्या सेटमध्ये ४-३ ने पुढे होती, सर्व्हिस तिची होती. चेंडू दोनदा आपटून झाला, तेवढ्यात एक नंबरच्या कोर्टवरून आरोळी आली. तिने चेंडू खिशात टाकला आणि रॅकेट तिथेच सोडून पळत सुटली. निकालाच्या तक्त्यात तिच्या नावापुढे 'अपूर्ण'. म्हणजे नोंदीच्या दृष्टीने ती त्या दिवशी जिंकलीही नाही आणि हरलीही नाही. मी मात्र त्यातला एकूण एक गेम पाहिला होता. बॅकहँडच्या वेळी तिचा गुडघा आता वाकतो, पूर्वी वाकत नसे, हेही पाहिलं होतं.

वेळेचं म्हणाल तर जानेवारीत त्यांच्या दुपारी एकचा सामना आपल्याकडे रात्री साडेअकराला असतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर पुढे जातात, की तोच सामना साडेदहाला. संध्याकाळी सहाचा असला तर हिवाळ्यात आपल्याकडे पहाटेचे साडेचार. सूनबाई म्हणतात, आई काकड आरतीला उठल्यासारख्या उठतात. शिवाय चित्र गुणफलकाच्या मागे असतं, अर्धा मिनिट तरी, कधी जास्तच. चित्राचे तुकडे करून पाठवायचे, आपल्या यंत्रात थोडे साठवायचे आणि मग दाखवायचे, यात तेवढा वेळ जातो. गुणफलकाचा नुसता आकडा त्याआधीच येऊन पोचतो. म्हणून ४०-४० ला मी गुणफलक बंद करते, तर मुलगा आतल्या खोलीतून 'गेला गेम' असं सांगून मोकळा होतो.

आता पैशांकडे येते, कारण आपल्या मजकुराचा विषय तो होता. कॉलेजचे खेळ इतक्या ठिकाणी का विखुरले आहेत, याचं मूळ १९८४ सालच्या एका निकालात आहे. त्याआधी फुटबॉलचे कोणते सामने टीव्हीवर दिसायचे आणि किती, हे एनसीएए ही कॉलेजच्या खेळांची मध्यवर्ती संस्था ठरवत असे. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांनी दावा लावला आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी एनसीएएचं ते नियंत्रण मोडून काढलं. तेव्हापासून विद्यापीठं आणि त्यांचे गट आपापले हक्क आपापले विकतात. त्यामुळे आज एक सामना एका अ‍ॅपवर, दुसरा दुसऱ्यावर. ईएसपीएन या क्रीडावाहिनीची ईएसपीएन प्लस ही ऑनलाइन सेवा २०१८ साली सुरू झाली तेव्हा महिन्याला ४.९९ डॉलर पडत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ईएसपीएनने सगळ्या वाहिन्यांसह जी थेट सेवा काढली ती २९.९९ डॉलरची. शिवाय ईएसपीएनच्या या सेवा आणि एनबीसीची पीकॉक ही सेवा अमेरिकेपुरत्याच, भारतातून पैसे भरतो म्हटलं तरी उघडत नाहीत. नातीचा संघ ज्या दिवशी अशा सेवेवरच्या विद्यापीठाकडे खेळायला जातो, त्या दिवशी मी आकड्यांवर भागवते.

या हक्कांच्या पायी काय काय झालं तेही सांगण्यासारखं आहे. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या 'पॅक-१२' या जुन्या गटाला मनासारखा प्रक्षेपण करार मिळेना, तेव्हा त्यातली दहा विद्यापीठं २०२४ मध्ये बाहेर पडली. स्टॅनफर्ड आणि बर्कली ही दोन कॅलिफोर्नियातली विद्यापीठं आता अटलांटिक किनाऱ्याच्या नावाने चालणाऱ्या गटात खेळतात. फुटबॉलच्या टीव्हीसाठी हे ठरलं आणि विमानात बसायची वेळ टेनिसच्या, व्हॉलीबॉलच्या पोरींवर आली. मंगळवारी परीक्षा असली तरी.

लहान कॉलेजांतही वारं फिरतंय. एनसीएएच्या तिसऱ्या श्रेणीतल्या कॉलेजांना खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही, तरी तिथले सामने वर्षानुवर्षं फुकट दिसत आले. कॅमेऱ्यामागे बहुतेक वेळा विद्यार्थीच. आता त्यातल्या काही गटांनी आपले सामने वर्गणीच्या सेवांना दिले आहेत. वीस-पंचवीस घरांत बघितल्या जाणाऱ्या सामन्याला कुलूप लावून कोणाचं भलं होतं, ते मला समजलेलं नाही. आजी-आजोबा वर्गणी भरतील, हे खरं. पण शेजारची शाळकरी मुलगी सहज म्हणून डोकावली असती, ती आता डोकावणार नाही.

सहज बघायला मिळण्याला किंमत असते, याचा दाखला एप्रिल २०२४ चा आहे. त्या वर्षी महिलांच्या कॉलेज बास्केटबॉलचा अंतिम सामना, आयोवा विरुद्ध साउथ कॅरोलायना, सरासरी सुमारे १ कोटी ८७ लाख लोकांनी पाहिला. पुरुषांचा अंतिम सामना सुमारे १ कोटी ४८ लाखांनी. आयोवाची गाजलेली केटलिन क्लार्क खेळत होती हे मोठं कारण, त्यात वादच नाही. पण मुलींचा सामना एबीसी या फुकट दिसणाऱ्या वाहिनीवर होता आणि मुलांचा केबलवर, हेही विसरू नये. मुलींचे सामने कोण बघतंय, असं मला ज्या ज्या मुख्याध्यापकांनी ऐकवलं त्यांना हा आकडा पाठवायची फार इच्छा आहे.

एक सावधगिरीची गोष्ट. ज्यांची मुलं-नातवंडं तिकडे खेळतात त्यांनी सामन्याची लिंक फेसबुकवर शोधू नये. सामन्याच्या दिवशी संघाचं नाव आणि बोधचिन्ह चिकटवलेली पानं उगवतात, 'लाइव्ह बघा, मोफत' म्हणतात आणि पुढे गेल्यावर कार्डाचा नंबर मागतात. ओळखीच्या एका कुटुंबाचे असे पैसे गेले, सामना तर दिसलाच नाही. फुकटच्या सामन्याला कार्डाचा नंबर कशाला हवा? लिंक घ्यायची ती विद्यापीठाच्याच वेळापत्रकावरून.

महेश भूपतीने १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाकडून एनसीएएचं दुहेरीचं विजेतेपद मिळवलं. सोमदेव देववर्मनने २००७ आणि २००८ असं लागोपाठ दोनदा व्हर्जिनियाकडून एकेरीचं. ते आपण नुसतं वर्तमानपत्रात वाचलं. आज माझ्यासारखी बाई पाचव्या क्रमांकाच्या मुलीचा अपूर्ण राहिलेला सामना बघते. यात पैशाचा फार संबंध नाही. एक कॅमेरा, एक इंटरनेट जोडणी आणि वेळापत्रक वेळेवर लावणारा एक माणूस, एवढ्यावर ते चाललं आहे.

मग आपल्या विद्यापीठांना हे का जमू नये? खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा २०२० पासून होत आहेत, त्यातलं काही दूरदर्शनवर दिसतं, चांगलंच आहे. मी त्याखालच्या पायरीबद्दल बोलते आहे. आंतरविद्यापीठ, आंतरमहाविद्यालयीन, विभागीय. माझी एक जुनी विद्यार्थिनी आता कॉलेजच्या मुलींना खो-खो शिकवते. तिचा संघ उपांत्य फेरीत खेळत होता म्हणून मी यजमान विद्यापीठाचं यूट्यूब चॅनेल उघडून बसले. उद्घाटन अथपासून इतिपर्यंत होतं. स्वागतगीत, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रमुख पाहुण्यांचं भाषण, मग आणखी एका पाहुण्यांचं भाषण. दोन कॅमेरे होते, ड्रोनही होता. खेळ सुरू व्हायची वेळ झाली आणि प्रक्षेपण संपलं. उपांत्य सामन्याचा निकाल मला गुणपत्रिकेच्या फोटोवरून कळला, तोही तिरका आणि अर्धा अंगठ्याखाली.

ड्रोन नको. तिपाईवर एक बरा फोन पुरे. खो-खोला तो एका खुंटामागे, मध्यपाटीच्या सरळ रेषेत आणि माणसाच्या उंचीपेक्षा वर लावावा, म्हणजे बसलेल्या मुलींची तोंडं कुठे आहेत आणि खो कोणाला मिळाला हे दिसतं. कबड्डीला मध्यरेषेच्या टोकाशी, बोनस रेषा दोन्हीकडच्या दिसतील इतका मागे. गुणफलक चौकटीत येऊ द्यावा. पार्श्वसंगीत लावू नये, हात जोडून सांगते, लावू नये. आणि चित्रण नंतर पुसून टाकू नये. चढाईला मुलगी कोणत्या पायावर वळते हे प्रशिक्षकाला दहा वेळा बघता आलं, तर तोंडी सांगून जे वर्षभर कळत नाही ते आठवड्यात कळतं. क्रीडा संचालक म्हणतील माणूस नाही. पत्रकारितेचा अभ्यासक्रम बहुतेक विद्यापीठांत आहे, त्या मुलांना प्रात्यक्षिकाचे गुण द्या.

आपल्याकडे एक विनंती आहे. स्पर्धांच्या आदल्या दिवशी आपण स्थानिक पानावर सामन्यांच्या वेळा छापता. या मोसमापासून विद्यापीठांकडे वेळापत्रक मागताना प्रक्षेपणाची लिंकही मागा, आणि जे देणार नाहीत त्यांच्या सामन्यापुढे 'प्रक्षेपण नाही' असं छापा. दोन-तीन अंक असे निघाले की क्रीडा विभागांतून आपल्याला फोन येऊ लागतील.

आपली,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका