नंदूस पत्र : ताशी ५० मिलिमीटर

परळ, मुंबई

प्रिय नंदू,

जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्याचं काम तुझ्याकडे आलं हे वाचून बरं वाटलं. तुझ्यासारखा चिवट माणूस तिथे हवाच होता. पण पत्राच्या शेवटी तू लिहिलंयस की यापुढे असले निर्णय शास्त्रज्ञांवर सोपवावेत आणि पुढाऱ्यांनी फक्त सही करावी, ते मला पटलं नाही. फोनवर बोललो असतो तर भांडण झालं असतं, म्हणून लिहितोय.

मुंबईच्या गटारांचं घे. हसू नकोस, तुझाच विषय आहे. इंग्रजांच्या काळातल्या पर्जन्यवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी बांधलेल्या, तेही समुद्राला ओहोटी असेल तर. त्या हिशेबात आणखी एक गृहीत होतं, की पडलेल्यातलं निम्मं पाणी जमिनीत मुरेल. या पर्जन्यवाहिन्या सुधारण्यासाठी पालिकेसाठी तयार झालेल्या १९९३च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने दोन्ही आकडे बदलायला सांगितले. पाऊस ताशी ५० मिलिमीटर धरा, आणि मुरणारं पाणी शून्य धरा. सगळे त्या ५०बद्दल बोलतात. मला तो शून्य जास्त बोलका वाटतो. पाऊस आभाळातून येतो, पण पाणी मुरायचं थांबलं ते आपण बुजवलेल्या तळ्यांमुळे, दिलेल्या बांधकाम परवानग्यांमुळे, अंगणात ओतलेल्या काँक्रीटमुळे. अभियंत्याने कागदावर मांडलेला तो शून्य नगररचनेनेच तयार करून ठेवला होता. मग नुसत्या अभियंत्याच्या हाती कारभार देऊन तो काय करणार? फार तर पाइप मोठा सांगेल. परवानग्या देणारा हात वेगळाच असतो.

आणि ५० तरी कुठून आले? इतका पाऊस किती वेळा पडतो हे जुन्या नोंदींवरून काढता येतं; आयुष्यभर वर्गात मी तेच शिकवलं. पण वर्षातून किती वेळा रस्ता तुंबला तर चालवून घ्यायचं, ते टाळायला किती कर भरायचा, आणि पाणी कुणाच्या उंबऱ्याच्या आत गेलं तर आपल्याला झोप लागते, हे कुठल्या सूत्रातून निघत नाही. ते लोकांनीच ठरवायचं असतं, आणि ठरवलं नाही तर कंत्राटाच्या कागदात आपोआप ठरून जातं.

उलट बाजूही आहेच, नीट मोजल्याशिवाय लोक तरी कशावर ठरवणार? २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला, कुलाब्याला जेमतेम ७४. मुंबईचा पाऊस म्हणून आपण लहानपणापासून ऐकत आलो ते आकडे याच दोन ठिकाणचे. त्या पुरानंतर पालिकेने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले, म्हणून आज एखादा संशोधक भांडुप आणि वरळीचा पाऊस वेगवेगळा अभ्यासू शकतो. कोविडातही तेच. जुलै २०२०मध्ये तीन वॉर्डांत रक्त तपासलं तेव्हा झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांत अँटिबॉडी सापडल्या, बाहेर १६ टक्के. दोन्ही सरमिसळ करून मोजलं असतं तर मधलाच कुठला तरी निरुपद्रवी आकडा हाती आला असता. वेगळं मोजायचं हे कुणीतरी आधी ठरवलं, म्हणून एवढी दरी दिसली. पाहणी करणाऱ्यांनी सामायिक संडास आणि नळांकडे बोट दाखवलं. पुढचं त्यांच्या हातात नव्हतं. आणि २०२१ची जनगणना वेळेवर झालीच नाही, तेव्हा कितीतरी अभ्यास अजून २०११च्या माणसांवर चाललेत.

पुढचं मला जे दिसतं ते सांगतो. येत्या काही वर्षांत संगणक गल्लीगल्लीचा पाऊस तासातासाने सांगू लागेल, बऱ्याच अंशी अचूक. सांगेल मात्र शक्यतेच्या भाषेत, आणि अधिकाऱ्याला हवं असतं हो किंवा नाही. आत्ताच बघ, रेड अलर्टवर शाळा बंद केल्या आणि ऊन पडलं, की लोकलमध्ये हवामान खात्याचे विनोद सुरू. ८ जुलै २०२४ला मध्यरात्रीनंतर सहा तासांत काही ठिकाणी ३०० मिलिमीटरहून जास्त कोसळला, तेव्हा कुणी हसत नव्हतं. चाळीस टक्के शक्यतेला काय करायचं, ऐंशीला काय, हे मार्च-एप्रिलमध्ये कोरड्या डोक्याने लिहून ठेवलं पाहिजे. ऐनवेळी ठरवायला गेलं की जो दमात घेतो त्याचं चालतं.

दुसरी काळजी अशी, की हे संगणकी ठोकताळे खासगी कंपन्यांचे असतील. माहितीच्या अधिकारात फाइल मागता येते. पण 'यंत्राने सांगितलं म्हणून वस्ती हलवली' असं उत्तर आलं तर पुढचा अर्ज कुणाकडे करायचा? इथून चालत अंतरावर हाफकीन संस्था आहे. १८९७ साली मुंबईत प्लेगची लस निघाली, आणि त्याच वर्षी साथरोग कायदाही आला. लस माणसांच्या भल्याची होती; पण बंदोबस्त लोकांना न विचारता लादला गेला तेव्हा पुण्यात काय झालं, ते तुला सांगायला नको. विज्ञान बरोबर असणं एवढं पुरत नाही रे.

तर तुझ्या आराखड्यात एवढं कर. प्रत्येक आकड्यापुढे तो कुठल्या वर्षांच्या नोंदींवरून घेतला आणि पुन्हा कधी तपासायचा, हे लिहायला लाव. कायद्याने जिल्हा आराखडा दरवर्षी तपासायचाच असतो, पण मुखपृष्ठावरचं साल बदलूनही ते काम उरकता येतं. गावकऱ्यांना नकाशा छापून झाल्यावर नको, त्याआधी बोलाव. पाणी कुठवर आलं होतं हे भिंतीवरच्या खुणेवरून सांगणारी म्हातारी माणसं अजून आहेत. आणि चिपळूणची पूररेषा २०२१च्या पुराआधीची वापरतायत की नंतरची, ते आधी बघून मला कळव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अरविंद