पिल्लूच्या खोलीतल्या गिरदीसाठी

नौपाडा, ठाणे
4 मे

चि. सोनू हिस,
अनेक आशीर्वाद.

पिल्लूसाठी जमिनीवर टाकायची मोठी गिरदी घरीच शिवायचं ठरवलंस, फार बरं वाटलं. विकतच्या गिरदीत काय भरलंय ते दिसत नाही, आणि पुष्कळदा खोळ निघतच नाही. मूल तिच्यावर दूध सांडणार, रंग सांडणार, आणि मुख्य म्हणजे उड्या मारणार. म्हणून एक गोष्ट मनात पक्की धर: आतली पिशवी आणि वरची खोळ वेगळी, आणि दिसत नाही म्हणून आतल्या पिशवीच्या शिवणीत कसूर करायची नाही. उडीचा सगळा जोर तिच्यावरच येतो.

माप 30 इंच व्यास, 8 इंच उंची. वरच्या खोळीला 54 इंच पन्ह्याचं केसमेंट किंवा जाड सुती कॅनव्हास पावणेदोन मीटर घे. आतल्या पिशवीला मांजरपाट सव्वादोन मीटर. दोन्ही कापडं कापण्याआधी रात्रभर पाण्यात भिजव, वाळव, इस्त्री कर. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. आधी शिवून मग धुतलंस तर खोळ पुन्हा चढणार नाही, चढली तर चेन फाटेल. गडद रंग असेल तर ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून बघ. रुमालाला रंग लागला तर ते कापड घेऊच नकोस.

कापण्यासाठी आधी कागदी साचा कर. वर्तमानपत्राची पानं जोडून चौघडी घाल, घडीच्या कोपऱ्यावर टेपचं टोक टाचणीने धर आणि साडेपंधरा इंचांवर दर दोन इंचांनी खूण करत जा. दोरा आणि खडूने वर्तुळ काढू नकोस. दोरा ताणला जातो, वर्तुळ लंबगोल होतं आणि पुढे पट्टी कधीच बसत नाही. साचा उघडला की 31 इंचांचं वर्तुळ मिळेल, त्यात सगळीकडून अर्धा इंच शिवणीचा. पन्ह्याच्या एका कडेला ही दोन वर्तुळं एकाखाली एक काप. शेजारी 20 इंचांहून जास्त कापड उरतं, त्यातच उभ्या धाग्यात पट्ट्या निघतात: एक 9 इंच रुंद आणि सव्वाअठ्ठावन्न इंच लांब, दोन साडेपाच इंच रुंद आणि 38 इंच लांब. उरलेल्या तुकड्यातून 12 बाय 4 इंचांची मूठ.

साडेपाच इंचांच्या दोन पट्ट्या चेनसाठी. प्रत्येकीची एक लांब कड इंचभर दुमड आणि दोन्ही दुमडी चेनच्या दातांवर समोरासमोर आणून शिव. पट्टी पुन्हा 9 इंच रुंद होते. चेन नायलॉनची, 5 नंबरची, रोलमधून कापून घे. धातूची नको, खाडीच्या हवेत गंज धरते आणि कापडाला डाग लागतात. मग ही पट्टी लांब पट्टीला दोन्ही टोकांनी जोड. कडं तयार झालं की त्याचा घेर शिवणीवर सव्वाचौऱ्याण्णव इंच यायला हवा. इथे मोजल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. अर्धा इंच जास्त असेल तर जोडावरच आत घे.

मूठ लांबीत चौघडी करून इंचभर रुंद शिव आणि चेनच्या बरोबर समोर, पट्टीवर आत्ताच बसव. दोन्ही टोकांना चौकट शिवून आत फुली मार. नुसती आडवी शिवण ओढाओढीत उसवते.

खरं कौशल्य पट्टी वर्तुळाला लावण्यात आहे. वर्तुळ आणि कडं दोन्हींचे चार सारखे भाग करून खुणा कर आणि खुणेला खूण टाच. आता पट्टीच्या काठाला दर इंचाला तीन सूत खोल छेद दे, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. शिवण चार सुतांवर येते, म्हणून छेद कधीच चारवर जाऊ देऊ नकोस. छेद दिले नाहीत तर सरळ काठ गोलावर पसरत नाही आणि चुण्या पडतात. शिवताना छेद दिलेली पट्टी वर ठेव, वर्तुळ खाली. सुई 16 नंबर, दोरा पॉलिएस्टर, टाका 3 मिलिमीटर. एक फेरी झाली की तिच्याच शेजारी दुसरी. दुसरं वर्तुळ जोडण्याआधी चेन अर्धी उघड. बंद राहिली तर गिरदी उलटवायला जागाच उरत नाही, आणि मग उसवणं आलं. पहिल्या खेपेला पायपिंगच्या, म्हणजे शिवणीत दोरीची किनार घालण्याच्या, नादी लागू नकोस.

आतली पिशवी व्यासाला आणि उंचीला एकेक इंच मोठी, म्हणजे वर्तुळं 32 इंचांची, पट्टी 10 इंच रुंद आणि जोड देऊन साडेअठ्ठ्याण्णव इंच लांब. सुई 14 नंबर, टाका बारीक. आतली थोडी मोठी असली की वरची खोळ ताठ, भरलेली दिसते. भरायला 10 इंच तोंड ठेव.

भरण म्हणून पॉलिएस्टर फायबर तीन किलो घे, अर्धा किलो राखून ठेव. कापूस नको असं मी मुद्दाम सांगतो. आपल्या पावसाळ्यात तो ओल धरतो, गोळे होतात आणि गिरदी पिल्लूला उचलवणार नाही इतकी जड होते. थर्माकोलचे मणी तर घरातच आणू नकोस, शिवण उसवली की ते लहान मुलांच्या नाकातोंडात जातात. फायबर हाताने मोकळा करून भर, गठ्ठा तसाच कोंबलास तर गाठी बसतात. आधी कडेकडेने गोल भर, मग मध्य. उलट केलंस तर कडा पोकळ राहतात. तोंड दुहेरी दोऱ्याने हाताने शिव. मग गादीला घालतात तसे दाभणाने आरपार पाच टाके घाल, मध्ये एक, भोवती चार. टाक्याखाली कापडाची चकती ठेव, बटण नको.

शेवटी चेनच्या रनरची जीभ पक्कडीने काढून टाक, मोठ्यांना पेपरक्लिपने चेन उघडता येते. धाकट्याला मात्र या गिरदीवर कधी झोपवायचं नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मऊ गादीत तोंड बुडण्याचा धोका असतो.

तीन आठवड्यांत भरण बसेल, तेव्हा राखलेला अर्धा किलो घालायचा आहे. दाभण आणि जाड दोरा येत्या रविवारी ऐरोलीला येताना आणतो. कापड तोवर भिजवून ठेव.

तुझे
बाबा