विंचूदंशाच्या रात्रीसाठी गाडी हवी : ग्रामस्थ आणि चाकरमान्यांना आवाहन

पावसाच्या तोंडावर लाकूडफाटा पडवीत येतो, कौलं उतरवली जातात आणि त्यांच्याबरोबर लाल विंचूही घरात शिरतो. मोठा माणूस बहुधा रात्रभर कळा सोसून सुटतो. लहान मुलाच्या मात्र जिवावर बेतू शकतं. विष तेवढंच, अंग इवलंसं.

मूल रडायचं थांबलं की घरचे म्हणतात, विंचू उतरला. घात होतो तो इथेच. विष हृदयावर गेलेल्या मुलाला कधीकधी फारसं दुखतही नाही. ते घामाने निथळतं, उलट्या करतं, हातपाय गार पडतात. अशा वेळी एक मिनिटही घरी थांबू नका. उतरवणाऱ्याशी आमचं भांडण नाही, हवं तर त्यालाही गाडीत घ्या!

यावर औषध आहे आणि ते महागही नाही. रक्तदाबावरची प्राझोसिनची गोळी विंचूदंशावर चालते, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी आपल्याच कोकणातल्या रुग्णांवर उपचार करून जगाला दाखवलं. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी ३० टक्क्यांच्या आसपास दगावत. या गोळीने ते प्रमाण अगदी खाली आलं. पण ती डॉक्टरांनीच द्यायची. गोळीनंतर रक्तदाब एकदम उतरू शकतो, म्हणून मुलाला आडवंच ठेवावं लागतं. आई कळवळून खांद्यावर घेते, तेही चालत नाही.

तेव्हा अडचण औषधाची नाही, वेळेची आहे. १०८ ला फोन करायचाच, पण वरच्या वाड्यांपर्यंत ती गाडी यायला वेळ जातो. म्हणून ज्यांच्याकडे चारचाकी किंवा रिक्षा आहे, त्यांनी आठवड्यातली एक रात्र आपल्या नावावर घ्यावी. डिझेलचा खर्च मंडळ देईल. निधी त्यासाठीच हवा आहे. उरलेल्या रकमेतून आरोग्य केंद्राला लहान मुलांच्या दंडाला बसेल असा रक्तदाबाचा पट्टा आणि बोटाला लावायचं ऑक्सिमीटर देऊ. प्रत्येक वाडीला एक अतिनील टॉर्चही घ्यायची आहे. तिच्या उजेडात विंचू हिरवट चमकतो, अंथरूण टाकण्याआधी एकदा फिरवली तरी पुरे.

मुंबईकरांनी यथाशक्ती रक्कम पाठवावी. गावकऱ्यांनी रात्रीच्या पाळीसाठी नाव द्यावं. पैसे फक्त खजिनदारांकडे द्यावेत आणि पावती घेतल्याशिवाय जाऊ नये. पाळ्यांची यादी मे महिन्याच्या सभेत वाचली जाईल आणि आशाताईंकडेही राहील.