आजच्या नकाशावर 6.6 कोटी वर्षांपूर्वीची रेघ कशी ओढता?

मा. संपादक, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत तुम्ही एका वाचकाचा लेख छापलात की लोणार, सह्याद्री आणि मेक्सिकोतला चिक्शुलूबचा उल्केने पडलेला खड्डा यांचं एकमेकांशी कनेक्शन आहे. वाचायला मजा आली, खोटं कशाला बोलू, पण आता त्याचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरतायत आणि लोक तेच खरं धरून चाललेत म्हणून हे पत्र.

लोणारचं आधी मिटवून टाकू. तो खड्डा आपल्या सह्याद्रीच्याच लाव्हाच्या काळ्या दगडात पडलाय, म्हणजे दगड आधी आणि खड्डा नंतर, संपला विषय. त्याचं वय पूर्वी 52 हजार वर्षं सांगायचे, नंतरच्या मोजणीत 5 लाख 70 हजारांच्या आसपास आलं, कुठलंही धरा, चिक्शुलूब 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचं आहे. आणि 2020 च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं ते काही पृथ्वीच्या पोटातल्या हालचालीने नाही, पुण्याच्या आघारकर संस्थेने ते पाणी तपासलं तर खारट पाण्यात वाढणारे रंगीत सूक्ष्मजीव निघाले.

आता मुख्य मुद्दा. लेखक म्हणतात मेक्सिकोत उल्का आदळली, धक्का पृथ्वीच्या आरपार गेला आणि बरोब्बर विरुद्ध बाजूला सह्याद्रीचा लाव्हा फुटला. अहो पण घरातला पृथ्वीगोल घेऊन बघा ना, चिक्शुलूबची विरुद्ध बाजू मॉरिशस आणि ऑस्ट्रेलियाच्या मधल्या समुद्रात येते. आणि मुळात आजचा गोल घेऊन उपयोगच नाही, कारण तेव्हा भारत इथे नव्हताच, तो विषुववृत्ताच्या खाली होता आणि उत्तरेला सरकत होता. तेव्हाची जागा धरली तरी सुमारे पाच हजार किलोमीटरची चूक राहतेच. शिवाय लाव्हा यायला उल्का पडायच्या साधारण अडीच लाख वर्षं आधीच सुरुवात झाली होती. घाटातून जाताना काळ्या थरांच्या मध्ये तांबड्या मातीचे पट्टे दिसतात ना, लाव्हा मधेमधे थांबायचा त्या काळातले ते, त्यातल्याच झिरकॉन नावाच्या खनिजाच्या कणांवरून हे वय काढलंय.

गंमत म्हणजे सह्याद्रीचं लांबचं खरं नातं लेखकांना सापडलंच नाही. ते हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाशी आहे! पृथ्वीच्या पोटातली जी गरम जागा आज तिथला ज्वालामुखी पेटता ठेवते तिच्याच डोक्यावरून आपली जमीन तेव्हा जात होती, नंतर आपल्या जमिनीची प्लेट पुढे सरकत राहिली आणि मागे लाव्हाच्या डागांची रांग राहिली, लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मॉरिशस. 1987 मध्ये जहाजावरून समुद्राच्या तळाला भोकं पाडून दगड काढले, मालदीवचा सुमारे 5.7 कोटी वर्षांचा, चागोसचा 4.9 कोटींचा, म्हणजे दक्षिणेला जावं तसं वय ओळीने कमी होत गेलं. (मॉरिशसला आपली मराठी माणसं बोटीने जाऊन पोचली, त्यांना कुठे माहीत होतं!) लांबलांबच्या जागा जोडायच्या तर अशा, वयं ओळीत लागली पाहिजेत. हजारो किलोमीटरवरच्या दोन खड्ड्यांमधून पट्टी ठेवून रेघ कुणीही मारेल.

हौशी लोकांनी अंदाज बांधूच नयेत असं मी अजिबात म्हणत नाही, वेगेनर तर हवामानवाला होता आणि 1912 मध्ये त्याने खंड सरकतात म्हटलं तेव्हा भूगर्भवाल्यांनी उडवूनच लावलं होतं. आणि चिक्शुलूबच्या हादऱ्याने आधीच चालू असलेला लाव्हा जास्त जोरात आला का, हा प्रश्न तर 2015 मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनीच मांडलाय. 2019 मध्ये दोन टीमनी वेगवेगळ्या पद्धतीने वयं काढली, एक म्हणते मोठा लोंढा उल्केच्या जरा आधी, दुसरी म्हणते बहुतेक लाव्हा नंतरचा. म्हणजे वाद चालू आहे, पण तो वयावर चालू आहे.

म्हणून विनंती एवढीच की पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा प्रत्येक जागेसमोर तिचं वय आणि शेजारी त्या काळातला भारत कुठे होता त्याचा छोटा नकाशा टाका, अर्धा कॉलम पुरेल.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा