तारा लपवल्या की चेहरा बिघडतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उन्हाळी नाट्यशिबिरं जवळ आली की नागपुरातल्या स्टुडिओंमध्ये ऑडिशनसाठी फोटो काढून घेणाऱ्या मुलामुलींची वर्दळ वाढते. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या दातांना तारा असतात, कारण दात सरळ करून घ्यायचं आणि रंगमंचावर पहिल्यांदा उभं राहायचं वय साधारण एकच. अशा वेळी सोबत आलेलं घरचं माणूस सांगतं, "तोंड मिटून हास न बाप्पा, तारा दिसून राहिल्या." स्टुडिओवाला सांगतो, "राहू द्या, नंतर कॉम्प्युटरवर काढून टाकू." दोन्ही सल्ले प्रेमानेच दिलेले असतात, पण दोन्हींनी फोटो वाया जातो. कलाकारांचे फोटो काढणारे आणि शिबिरांत अभिनय शिकवणारे आम्ही काही जण आहोत. तारा असताना फोटो कसा काढावा, हे पालकांपर्यंत आणि फोटोग्राफर मित्रांपर्यंत पोचावं म्हणून हे पत्र.

आधी खोडून काढण्याबद्दल. ब्रॅकेट, म्हणजे तार धरून ठेवणारा छोटा तुकडा, दातावर चिकटवलेलं असतं आणि त्याच्या जाडीमुळे ओठ थोडा पुढे येतो. ॲपने तारा पुसल्या तरी पुढे आलेला ओठ तसाच राहतो. शिवाय ॲप खरे दात शोधून काढत नाही, स्वतःच्या मनाने एकसारखे पांढरे दात बसवतं. पाहणाऱ्याला नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण चेहरा परका वाटतो. आणि त्या फोटोवरून बोलावणं आलंच, तर मुंबईला किंवा पुण्याला जाऊन पहिलं वाक्य बोलताच तारा दिसणार. निवड करणाऱ्या माणसाला फोटोतला चेहरा आणि दारातून आत आलेला चेहरा एकच हवा असतो. शाळा-कॉलेजातल्या भूमिका, घरगुती मालिका, जाहिराती यांत तारा असलेला मुलगा किंवा मुलगी खपून जाते, कधीकधी तर तशीच हवी असते. ऐतिहासिक किंवा पौराणिक भूमिकेत ते चालणार नाही, हे उघड आहे. म्हणून फोटोसोबत एक ओळ लिहावी: दातांना तारा आहेत, अमुक महिन्याच्या सुमारास निघतील. उपचार साधारण दीड ते दोन वर्षं चालतो. तोवर फोटोच काढायचा नाही, असं ठरवणं कुणालाच परवडणारं नाही.

काही पालक फोटोपुरत्या तारा काढून मिळतील का, असं विचारतात. तसं करू नये. ब्रॅकेट काढून पुन्हा चिकटवण्यात दातांच्या वरच्या आवरणाला त्रास होऊ शकतो, वेळ आणि पैसा जातो, आणि मधल्या काळात दात मागे सरकू शकतात. वरच्या-खालच्या दातांमध्ये अडकवायचे छोटे रबर असतील, तर ते जेवताना काढतात तसे फोटोपुरते काढता येतात. काम झालं की लगेच लावायचे. पारदर्शक, काढता-घालता येणारे साचे असतील तर प्रश्नच नाही, फक्त दातांवर चिकटवलेले बारीक उंचवटे तेवढे राहतील.

आता खरी अडचण. तारांमुळे फोटो वाईट येत नाही, तारा लपवण्याच्या धडपडीमुळे येतो. मूल वरचा ओठ खाली ओढून धरतं. ओठ घट्ट मिटले की हनुवटीच्या स्नायूवर ताण येतो आणि हनुवटीवर बारीक खड्डे पडतात. फोटोत नेमके तेच आधी दिसतात. सोबत जबडा आवळला जातो, कानाखालचा भाग ताठ होतो, डोळे मोठे होतात आणि नजर घाबरल्यासारखी दिसते. अशा वेळी "नॉर्मल राहा", "छान हास" म्हणून काही साधत नाही. शरीराला करायला काहीतरी काम द्यावं लागतं.

आम्ही वापरतो ती पद्धत अशी. आधी ओठ नुसते टेकवून 'म्म्म' असा लांब हुंकार काढायचा, ओठांत गुदगुल्या जाणवेपर्यंत. दोन-तीनदा केलं की ओठ सैल पडतात. मग तोंडाने हलका श्वास सोडायचा आणि ओठ जिथे थांबतील तिथेच राहू द्यायचे. आत वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकलेले नसावेत, मध्ये नखाच्या जाडीची फट हवी; एवढ्याने जबडा सुटतो. जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे हळूच टेकवलं, तर ओठ उघडल्यावर आत काळा खड्डा दिसत नाही. हनुवटी अगदी थोडी पुढे आणि खाली. नुसती वर उचलली तर कॅमेऱ्याला पहिल्यांदा ब्रॅकेटच दिसतात.

त्यानंतर बोलायला लावायचं. कॅमेऱ्याच्या शेजारी, लेन्सच्या उंचीवर, ओळखीचं कुणीतरी बसवा आणि त्याला एखादं खरंखुरं वाक्य ऐकवायला सांगा: "तू काल आला का नाहीस?", "अगं, ऐक ना", "खरं सांगतोय मी". वाक्य संपल्यानंतरच्या अर्ध्या सेकंदात शटर दाबायचं. शब्द तोंडात असताना काढलेला फोटो वेडावाकडा येतो. वाक्य संपलं की ओठ आपोआप मिटू लागतात, डोळ्यांत मात्र समोरच्याच्या उत्तराची वाट असते. हेडशॉटमध्ये, म्हणजे ऑडिशनसाठीच्या चेहऱ्याच्या फोटोत, हवं असतं ते हेच. हसू हवं असेल तर 'चीज' म्हणायला लावू नका, त्याने ओठ आडवे ताणले जातात आणि तारेची पूर्ण रांग उघडी पडते. खरं हसू गालातून वर चढतं आणि डोळ्यांच्या खालच्या पापण्या किंचित उचलते. ते 'हास' म्हणून आणता येत नाही, समोर बसलेल्या माणसाने हसवावं लागतं. दर आठ-दहा फोटोंनंतर मान वळवून भिंतीकडे पाहायचं आणि परत वळायचं; वळल्या-वळल्या जो पहिला फोटो मिळतो, तो पुष्कळदा त्या दिवसाचा सगळ्यांत चांगला असतो.

इथे एक बारीक गोष्ट घडते, ती जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. मोठं हसून झाल्यावर वरचा ओठ खाली येताना सुळ्याच्या ब्रॅकेटवरच्या हुकाला अडकतो. एक कोपरा वर राहतो, दुसरा खाली येतो, आणि फोटोत मुलगी कुणाला तरी तुच्छ लेखतेय असं वाटतं. कारण साधं आहे: ओठाची आतली बाजू कोरडी पडलेली असते. ओठाच्या आतल्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढं व्हॅसलीन बोटाने पसरवावं आणि हसून झालं की जीभ एकदा दातांवरून फिरवावी. व्हॅसलीन जास्त झालं तर ते ब्रॅकेटमध्ये जाऊन चमकतं. टोचणाऱ्या ब्रॅकेटवर मेण लावलं असेल तर मागच्या दातांवरचं राहू द्या, पुढच्या सहा दातांवरचं काढा. फोटोत ते पांढरा अन्नकण अडकल्यासारखं दिसतं.

तारीख कोणती धरायची, हेही महत्त्वाचं. तारा बसवून दोन-तीन आठवडे झाल्याशिवाय फोटो काढू नका, कारण तोवर ओठांना नव्या जाडीची सवय झालेली नसते. स, श, च हे उच्चारही तोवर जड येतात, त्यामुळे परिचयाचा व्हिडिओसुद्धा नंतरच करावा. पुढे दर चार ते सहा आठवड्यांनी तार आवळून घेतली की दोन-तीन दिवस दात दुखतात, आणि दुखरं तोंड फोटोत लपत नाही. भेटीनंतरचा चौथा ते सातवा दिवस उत्तम. तेव्हा दुखणं ओसरलेलं असतं आणि ब्रॅकेटवर तार धरून ठेवणारे इवले रबर ताजे असतात.

त्या रबरांचा रंग आधीच ठरवून डॉक्टरांना सांगा. पुष्कळ जण पारदर्शक किंवा पांढरे मागतात, दिसणार नाहीत म्हणून. पण आपल्याकडच्या जेवणात हळद असते आणि हळदीने पारदर्शक रबर पहिल्या जेवणातच पिवळे पडू लागतात. सावजी रस्सा नाहीतर सकाळचे तर्री-पोहे झाले की संपलंच. पिवळ्या रबरांमुळे दातही पिवळे वाटतात. धातूच्या ब्रॅकेटवर राखाडी किंवा चंदेरी रबर सगळ्यांत बरे: ते धातूत मिसळून जातात आणि डाग फारसा दिसत नाही. फिकट निळ्याने दात थोडे उजळ दिसतात. काळा आणि गडद हिरवा टाळा, लांबून अन्न अडकल्यासारखं दिसतं. दाताच्या रंगाचे सिरॅमिक ब्रॅकेट असतील तर तिथे राखाडी उठून दिसतो. मग पारदर्शकच घ्या, पण फोटो होईपर्यंत हळद आणि चहा सांभाळा. फोटोच्या दिवशी पोहे खाल्लेच, तर कोथिंबिरीचं पान आणि मोहरीचा दाणा तारेखाली हमखास सापडतो. दातांच्या फटीत फिरवायचा छोटा ब्रश सोबत न्या. ब्रॅकेट सुटलेलं असेल तर आपल्या डॉक्टरांकडे किंवा मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात आधी दाखवून घ्या; घरी पकड लावू नका.

उजेडाचं गणित सोपं आहे, पण चुका तिथेच सगळ्यांत जास्त होतात. धातू समोरच्या वस्तूचं प्रतिबिंब दाखवतो. समोर छोटा, तीव्र दिवा असेल तर प्रत्येक ब्रॅकेटवर पांढरा टोचणारा ठिपका उमटतो. रिंग लाइट लावला तर प्रत्येक ब्रॅकेटवर एकेक इवलं कडं दिसतं. मोठा, मऊ उजेड असेल तर तोच धातू सपाट राखाडी दिसतो आणि नजर डोळ्यांकडे जाते. म्हणून कॅमेऱ्यावरचा फ्लॅश बंद. तीन-चार फुटांचा सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी, पांढरं कापड लावलेली दिव्याची पेटी) ४५ अंशांवर, डोळ्यांच्या थोडा वर. घरी करायचं असेल तर ऊन थेट न येणारी उत्तरेची खिडकी आणि दुसऱ्या बाजूला पांढरा थर्मोकोल. खोलीतला पिवळा बल्ब बंद करा; दोन रंगांचे उजेड मिसळले की दातच आधी पिवळे दिसतात. लेन्सवर नुसता पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) लावून धातूची चमक जात नाही, त्या खर्चात पडू नये. फोटोच्या आधी थुंकी गिळायला सांगणं हा त्याहून चांगला उपाय, कारण ओलं ब्रॅकेट जास्त चमकतं.

मोबाइल अगदी जवळ धरून काढलेल्या फोटोत नाक आणि तोंड फुगतं, साहजिकच तारासुद्धा. पाच-सहा फूट मागे जा आणि दुप्पट झूमची लेन्स वापरा. मोठ्या कॅमेऱ्यावर फुल फ्रेमला ८५ मिमी, छोट्या सेन्सरला ५० मिमी. ॲपर्चर ४ ते ५.६, फोकस जवळच्या डोळ्यावर. कपडे एकरंगी: गडद निळा, मरून, बाटली हिरवा. पांढऱ्या शुभ्र शर्टाशेजारी दात मळके वाटतात.

आणि नागपूरचा उन्हाळा. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा दुपारी बाहेर फोटो काढायचा विचारही करू नका. डोळे बारीक होतात आणि ओठ फुटतात. सकाळी साडेसहा ते आठ ही वेळ बरी. घरात कूलरच्या झोतात मुलाला बसवू नका: केस उडतात, डोळे मिचकतात आणि हसलेला ओठ तारेवर वाळतो. कूलर पंधरा मिनिटं आधी चालवून खोली गार करा आणि फोटोपुरता बंद ठेवा. पावसाळ्यातलं ढगाळ आभाळ मात्र वरदान आहे, गच्चीच्या दारात उभं केलं तरी काम होतं. फुटाळा तलावावरच्या मावळतीचे फोटो घरी लावायला छान, पण त्यांत चेहरा काळवंडतो आणि ऑडिशनला त्यांचा उपयोग नसतो.

स्टुडिओ चालवणाऱ्या मित्रांना विनंती आहे की पुटकुळी, विस्कटलेला एखादा केस, ओठाची सुटलेली साल एवढंच दुरुस्त करावं. दोन आठवड्यांत जे आपोआप जाणार आहे ते काढलं तर कुणाची फसवणूक होत नाही. तारा, तीळ, जन्मखूण यांना हात लावू नये. आणि प्रत्येक मुलाला किमान तीन फोटो द्यावेत: ओठ सैल मिटलेला, बोलून थांबलेला आणि तारा दिसतील असा हसरा. पालकांनी तिसरा फोटो नाकारू नये, निवड करणाऱ्यांना तोच सगळ्यांत जास्त माहिती देतो.

फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून जोडा, नाहीतर तो दाबला जातो आणि तारेच्या जागी राखाडी पट्टा उरतो. फाइलच्या नावात मुलाचं नाव, वय, उंची, नागपूर आणि फोटोचा महिना लिहा. ज्या दिवशी तारा निघतील, त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी, ओठ पुन्हा आपल्या जागी बसले की नवे फोटो काढा आणि जुने पाठवणं थांबवा.

आपले,
कलाकारांचे फोटो काढणारे आणि नाट्यशिबिरांत शिकवणारे काही जण,
धरमपेठ, नागपूर