पोटावर घेतलेली लाट

प्रिय सदा,

तुझं पत्र मिळून आठवडा झाला. उत्तराला उशीर केला तो मुद्दाम. पहिल्याच दिवशी लिहायला बसलो असतो तर नुसतं भांडण झालं असतं. ‘उभं राहता येणार नसेल तर त्याला सर्फिंग कशाला म्हणायचं?’ असं तू लिहिलंस, आणि बोर्ड कुणाला तरी देऊन टाकतो म्हणालास. बोर्ड खुशाल दे. तीन फिनांचा (म्हणजे तळाला मागे बसवलेल्या माशाच्या परांसारख्या पात्यांचा) तो टोकदार बोर्ड तुझ्या दुखऱ्या गुडघ्याला आता मानवायचा नाही, हे मलाही कळतं. पण तुझं ते वाक्य मला मान्य नाही. का नाही ते सविस्तर लिहितोय, तेव्हा सवडीने वाच.

गेले चार महिने मी पाण्यात एकदाही उभा राहिलेलो नाही. साडेतीन फुटांची लाकडी फळी घेऊन जातो आणि पालथा पडून लाट घेतो. या फळीला हवाईत पाइपो म्हणतात. तिला खाली फिन नाही, आत फोम नाही, दोरी नाही. जाडी माझ्या करंगळीएवढी. पहिल्या दिवशी लाटा जेमतेम कमरेएवढ्या होत्या. पूर्वी अशा लाटा बघून आपण दोघं किनाऱ्यावरूनच परत फिरलो असतो. मी कमरेभर पाण्यात उभा राहिलो, लाट मागून उचलायला लागली तशी फळी पुढे ढकलली आणि तळावरून पाय रेटला. पुढचे पाच-सहा सेकंद मला अजून जसेच्या तसे आठवतात. डोळे पाण्यापासून वीतभर वर. कमरेएवढी लाट त्या उंचीवरून भिंतीसारखी दिसते. वेग तेवढाच असतो, पण पाणी नाकासमोरून धावतं, त्यामुळे तो दुपटीने जाणवतो. आणि फळी इतकी पातळ की पाण्याचा प्रत्येक खडबडीतपणा छातीला कळतो. वारा कुठून कुठे गेला, लाट कुठे घट्ट आहे, कुठे सैल पडतेय, हे सगळं बरगड्यांना समजत होतं. पायांना ते इतक्या वर्षांत कधी समजलं नव्हतं.

फिन नाही म्हटल्यावर पकड कशाची, असं तू विचारशीलच. पकड कडेची. लाटेच्या बाजूची कड पाण्यात दाबायची. ती सुरीसारखी रुतते आणि फळी आडवी पळायला लागते. दाब जरा कमी केला की मागची बाजू सुटते आणि फळी घसरत फिरते. पुन्हा दाबली की धरते. सुरुवातीला हे सुटणं म्हणजे चूक वाटायची. आता मी त्याचीच वाट बघतो.

आता तुझ्या वाक्याकडे येतो. सर्फिंगच्या सर्वात जुन्या लिखित वर्णनांपैकी एक आहे जेम्स किंगचं. इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन जेम्स कुकच्या तिसऱ्या सफरीतला हा अधिकारी १७७९ साली हवाईच्या केआलाकेकुआ उपसागरात होता, आणि त्याने रोजनिशीत लिहून ठेवलंय की लोक अंगाएवढ्या लांबट फळीवर सपाट पडतात, पाय जुळवून ठेवतात आणि हातांनी फळीला दिशा देतात. सपाट पडतात, सदा! तिथे उभं राहणारेही होतेच. सरदारांसाठी ओलो नावाचे लांबलचक जड बोर्ड होते, त्याहून पातळ आणि आखूड आलाया होते, आणि सर्वात लहान पाइपो. यातल्या एकालाही फिन नव्हता. फिन आला १९३५ साली, टॉम ब्लेक या अमेरिकन सर्फरने हवाईतल्या वायकीकीला तो बोर्डाखाली बसवला तेव्हा. त्याआधीच्या पिढ्यानुपिढ्या लोक कडेच्या जोरावर लाटा घेत होते आणि कोण उभा, कोण पालथा यावरून कुणाचं सर्फिंग खरं-खोटं ठरत नव्हतं.

बरं, ही जुनी गोष्ट सोडून दे. आपण ज्या आखूड बोर्डावर शिकलो त्याची मुळं कुठे आहेत बघ. जॉर्ज ग्रीनो, कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराचा. हा माणूस गुडघ्यांवर बसून लाट घेणारा. साठच्या दशकात त्याने स्वतःसाठी एक बोर्ड केला, चमच्यासारखा खोलगट: मध्ये नुसतं पातळ फायबरग्लास, फोम फक्त कडांना. लाटेच्या दाबाखाली तो वाकायचा आणि वळणातून बाहेर पडताना उसळून सरळ व्हायचा. फिनाचा आकार त्याने ट्यूना माशाच्या शेपटीवरून घेतला. ऑस्ट्रेलियात बॉब मॅकटॅविश आणि नॅट यंग या सर्फरांनी त्याला गुडघ्यांवर बसून जी वळणं घेताना पाहिलं, तशी वळणं त्या काळच्या लांब बोर्डांवर उभं राहून घेताच येत नव्हती. १९६६ ची जागतिक स्पर्धा नॅट यंगने जिंकली ती ग्रीनोच्या धर्तीचा फिन लावलेल्या बोर्डावर. पुढच्या दोन-तीन वर्षांत सगळ्या जगाचे बोर्ड आखूड झाले. उभं राहणाऱ्यांना वळायला शिकवलं ते बसणाऱ्याने. आणि हाच ग्रीनो पुढे हवा भरलेल्या गादीवर पालथा पडून लाटा घेण्यात रमला.

फिश बोर्ड तुला किती आवडायचा! तोही सॅन डिएगोच्या स्टीव्ह लिसने १९६७ च्या सुमारास केला तो गुडघ्यांवर बसण्यासाठीच. आखूड, रुंद, माशासारखी दुभंगलेली शेपूट, दोन बुटके फिन. उभं राहणाऱ्यांनी तो नंतर उचलला.

कॅलिफोर्नियात बोर्ड करणाऱ्या बॉब सिमन्सबद्दल मी तुला पूर्वी कधी सांगितलं का आठवत नाही. सायकलच्या अपघातात त्याच्या डाव्या हाताचा कोपर कायमचा जायबंदी झाला होता. त्या काळचे लाकडी बोर्ड इतके जड की असा हात घेऊन ते उचलणंही अवघड. गणित आणि यंत्रशास्त्र जाणणारा माणूस. वेगवान बोटींचे तळ पाण्यावर कसे तरंगत धावतात याचा अभ्यास करून त्याने चाळिसाच्या दशकाअखेरीस हलके, रुंद, फायबरग्लास चढवलेले बोर्ड केले. ते आजही लोक नव्याने करून चालवतात. दुखऱ्या हाताने त्याला वेगळा बोर्ड शोधायला लावलं, असं मला नेहमी वाटतं. तुझ्या गुडघ्याचा विचार करताना मला तोच आठवत होता.

मग आपल्या डोक्यात एकच आकार कसा बसला? १९८१ साली सायमन अँडरसनने तीन फिनांचा बोर्ड घेऊन ऑस्ट्रेलियातल्या बेल्स बीचची स्पर्धा जिंकली, तीही प्रचंड लाटांमध्ये. बोर्ड खरोखरच उत्तम होता; त्याला नावं ठेवायची माझी इच्छा नाही. पण त्यानंतर स्पर्धेत जे चाललं तेच दुकानात आलं, आणि दुकानात जे आलं त्यालाच आपण सर्फिंग समजलो. ज्यातून बोर्ड कोरतात ते फोमचे कच्चे ठोकळेही अमेरिकेत बहुतेक एकाच कंपनीकडून यायचे. ५ डिसेंबर २००५ ला त्याच कंपनीने, क्लार्क फोमने, एका दिवसात कारखाना बंद केला आणि बोर्ड करणारे सगळे गोंधळून गेले. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियात टॉम वेगेनर हवाईच्या संग्रहालयातल्या जुन्या आलायांवरून पावलोनियाच्या लाकडाचे बोर्ड करत होता. हे लाकूड अतिशय हलकं आणि खारं पाणी फारसं पीत नाही. त्याने ते चांगल्या सर्फरांच्या हाती दिले, आणि शंभर वर्षं भिंतीवर टांगलेला आकार पुन्हा पाण्यात पळायला लागला.

मला यातलं सर्वात जवळचं वाटतं ते हे, की या फळ्या आपल्या आपण करता येतात. फोमच्या बोर्डाला रेझिन, कापड, मास्क, वेगळी खोली, सगळा पसारा. पाइपोला मरीन प्लायचा (पाण्यात टिकणाऱ्या प्लायवूडचा) तुकडा, करवत, रंधा आणि पॉलिश पेपर पुरतो. पुढचं टोक थोडं वर उचलायचं असेल तर ते ओलं करून, क्लॅम्प लावून दोन दिवस वाकवून ठेवायचं. मग कडा. कडांना मी सर्वात जास्त वेळ देतो. बोट फिरवायचं, पाण्यात जायचं, परत येऊन आणखी घासायचं. पहिली फळी मी तीनदा बदलली. मागच्या कडा फार गोल केल्या होत्या, लाटेवर पकड येईना. अर्धा इंच कापून टाकला आणि ती एकदम शहाणी झाली. तो दुपारचा अर्धा तास मला कुठल्याही मोठ्या लाटेइतका मोलाचा वाटतो. काय बदललं आणि त्यामुळे काय झालं हे माझं मला कळलं होतं.

पाण्यातली माणसंही वेगळी भेटली. एकजण हातात ताटाएवढी लाकडी फळी बांधून नुसत्या अंगाने लाटा घेतो. तळहात पुढे, छातीचाच बोर्ड. एक बाई हवा भरायची गादी आणते. ती पूर्ण फुगवायची नसते, हे मला तिने शिकवलं: हवा कमी ठेवायची, म्हणजे गादी लाटेच्या आकाराला चिकटते, आणि कोपरा मुठीत दाबला की हवा दुसरीकडे सरकून तळाचा आकारच बदलतो. गार पाण्यात हवा आकसते, म्हणून आत शिरल्यावर पुन्हा एक फुंकर. लाट संपली की आम्ही एकमेकांची साधनं बदलून बघतो. ‘हे कुठून घेतलंस?’ असं कुणी विचारत नाही, ‘कसं केलंस?’ असं विचारतात. मी माझ्या फळीचा कागदी नमुना आतापर्यंत चौघांना दिलाय, आणि एकाने त्यात बदल करून माझ्यापेक्षा चांगली फळी केली. ती मला इतकी आवडली की आता तिचाच नमुना मी काढून घेतलाय.

सगळं सोपं आहे असं मात्र नाही. पहिले काही दिवस मान आणि पाठ दुखते, कारण डोकं सतत वर धरावं लागतं. बरगड्यांना फळी लागते. अंगात जाडसर काही घालावं. खोल पाण्यातली लाट घ्यायची तर पायात फ्लिपर (पोहण्याचे रबरी पंख) हवेत, आणि त्यात गुडघ्यावर ताण येतोच. म्हणून डॉक्टरांना नेमकं विचार: ‘पोहू का?’ एवढंच नको, ‘फ्लिपर लावून पाय मारू का?’ असं. ते नको म्हणाले तर कमरेभर पाण्यातून चांगल्या पायाने रेटा देऊन लाट घेता येते. मी बऱ्याचदा तसंच करतो. उथळ पाण्यात फळीचं टोक वाळूत रुतू द्यायचं नाही, ही एकच गोष्ट कायम लक्षात ठेवायची.

प्लाय मी आणून ठेवलाय, चांगला कोरडा आहे. तुझ्यासाठी कापायचाय, पण मापं नाहीत. अनवाणी सरळ उभा राहा आणि जमिनीपासून बेंबीपर्यंतची उंची कुणाकडून तरी मोजून घे. छातीची रुंदी काखेपासून काखेपर्यंत, मागून नाही, पुढून. आणि वजन, आत्ताचं, दोन वर्षांपूर्वीचं नको. मापं आली की त्याच संध्याकाळी कागदावर आकार काढतो. कडांचं घासकाम मात्र अर्धं ठेवीन. ते तुझं तू करायचंस.

तुझा,
विनू