पॉम्पेई या वेळी घरीच

प्रिय आई-बाबा,

‘पॉम्पेई’ सिनेमाची थिएटरची तिकिटं मी रद्द केली. आधी विचारलं असतं तर बाबा, तुम्ही ऐकलं नसतंत. अंधारात पायऱ्या उतरायच्या, गुडघा अजून नवा, आणि तिथला आवाज कमी करणं आपल्या हातात नसतं. रागावू नका. पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडने १९७१ च्या ऑक्टोबरमध्ये इटलीतल्या पॉम्पेईच्या रिकाम्या अँफिथिएटरात, प्रेक्षकांशिवाय वाजवलेलं हे. त्याला गर्दी लागतच नाही. तुमची आरामखुर्ची आणि आईचा चहा थिएटरात कुठून येणार?

साउंडबार शनिवारी येईल. त्याची केबल टीव्हीच्या मागच्या ‘एआरसी’ लिहिलेल्या पोर्टमध्येच लावून घ्या, नाहीतर आवाज टीव्हीतूनच येत राहील. सबवूफर, म्हणजे खर्जाचा वेगळा डबा, कोपऱ्यात ठेवू देऊ नका. दोन भिंतींमुळे खर्ज फुगतो आणि वॉटर्सचा बास नुसता घुमतो; हातभर पुढे ओढा. ‘नाइट मोड’ बंदच हवा, कारण तो हळू आवाज चढवतो आणि मोठा दाबतो. ‘एकोज’ गाण्याच्या सुरुवातीला राइटच्या पियानोचा एकच सूर येतो, फिरत्या लेस्ली स्पीकरमधून. तो शांततेतूनच उगवायला हवा, म्हणून कर्वे रोडकडच्या खिडक्या लावा, पंखा एकवर ठेवा.

चित्र ‘सिनेमा’ मोडवर ठेवा. ‘मोशन स्मूदिंग’ चालू राहिलं तर सगळं मालिकेसारखं गुळगुळीत दिसतं. काही गाणी पॅरिसच्या स्टुडिओत घेतली आहेत, मागे गडद अंधार. तिथे ब्राइटनेस वाढवू नका, काळ्याचं करडं होतं.

बाबा, कानातलं मशीन ‘म्युझिक’ प्रोग्रॅमवर. बोलणं ऐकण्याच्या प्रोग्रॅममध्ये लांबलेला सूर मशीनला स्वतःचीच शिट्टी वाटते आणि ते तो दाबायला जातं. ‘सॉसरफुल’ गाण्याच्या शेवटचा ऑर्गन मग थरथरता ऐकू येईल. तो प्रोग्रॅम नसेल तर ऑडिओलॉजिस्टकडून आधीच घालून घ्या. आवाज इतकाच, की शेजारी बसलेल्या आईशी ओरडून बोलावं लागू नये.

आई, ‘वन ऑफ दीज डेज’ गाण्याला स्वयंपाकघरात जाऊ नकोस. कॅमेरा जवळजवळ पूर्ण वेळ ड्रमवर आहे. मेसनच्या हातातली काठी सुटते आणि ठेका न मोडता तो दुसरी उचलतो. तुझे तबल्याचे हात, तुला ते आमच्याआधी दिसेल.

बीपीची गोळी आधी घ्या. मध्ये एकदा उठून चाला, सिनेमा थांबवता येतो. आणि वायरी सतरंजीखालून नेऊ देऊ नका, भिंतीलगत चिकटवून घ्या. बाबांचा पाय अडकेल.

तुमची,
मनू